कोच आंटींचा हिवाळा

कोच आंटींना रस्त्यावर चालताना पाहिलेल्या माणसाला, त्या बर्फावर नुसत्या उभ्या तरी राहू शकतील, हे पटलं नसतं. इथे आखातात, अल बर्शातल्या आमच्या बिल्डिंगच्या पायऱ्या उतरताना त्या आधी भिंतीला हात लावायच्या, मग कठड्याला, मग वॉचमनच्या खुर्चीला, आणि खुर्चीत वॉचमन असला तर त्याच्या डोक्यालाही. डावा पाय मागून फरफटत यायचा. याच बाई मॉलमधल्या कृत्रिम बर्फाच्या डोंगरावर पायांना स्नोबोर्ड बांधून वरून निघाल्या की अशी झोकदार वळणं घेत यायच्या, की काचेपलीकडे कॉफी पिणारे लोक कप खाली ठेवून बघत राहायचे. स्नोबोर्ड म्हणजे इस्त्रीच्या टेबलासारखी लांबट फळी. तिला दोन्ही पाय बांधायचे आणि उतारावरून आडवं घसरत यायचं. आडवं होणं मला पहिल्या दिवसापासून जमलं, घसरणं फार उशिरा.

'कोच आंटी' हे नाव माझ्या मुलीने ठेवलं. तिला त्यांनी दोन-चार शनिवारांत शिकवून तयार केलं आणि "शी इज माय कोच, आई, नॉट जस्ट आंटी," असं तिने जाहीर केलं. बाई मूळच्या वसईच्या. एका हॉटेलात रिझर्वेशनच्या डेस्कवर होत्या आणि आमच्या शेजारच्या फ्लॅटमधली एक खोली घेऊन एकट्या राहायच्या. लग्न केलं नव्हतं. मला 'बाय' म्हणायच्या. माझ्या नवऱ्याला 'इंजिनिअरसाहेब' म्हणायच्या आणि त्यात आदर किती नि टिंगल किती हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

कुठल्याही गोष्टीचे फायदे उजव्या हाताच्या बोटांवर आणि तोटे डाव्या हाताच्या बोटांवर मोजायची त्यांना खोड होती. एकदा मी लग्नाबद्दल विचारलं तर त्यांनी उजवा अंगठा वर केला, समोर बसलेल्या माझ्या नवऱ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि हात खाली घेतला. आमच्या डोंगराचा हिशेब मात्र त्यांना तोंडपाठ होता. तोटे असे, की वेग येतोय येतोय तोवर उतार संपतो. वर आभाळ नाही, पत्रा आहे. कडेकडेला बर्फ घासून फरशीसारखा गुळगुळीत झालेला. आणि भाड्याचे कोट घातलेले टुरिस्ट नेमके मधोमध बसकण मारून फोटो काढतात. "त्यांना चुकवणं हाच इथला ॲडव्हान्स कोर्स," त्या म्हणायच्या. मग उजवा हात पुढे यायचा. दरड कोसळण्याची भीती नाही. वादळ नाही, वेदरमुळे कॅन्सल नाही. मेट्रोने जाता येतं. ऑगस्टमध्ये बाहेर चप्पल डांबराला चिकटते तेव्हाही आत उणे दोन असतं. एवढं बोलून त्या करंगळी तशीच धरून ठेवायच्या आणि पुढचा फायदा सांगायच्याच नाहीत.

त्यांच्याबद्दल बिल्डिंगमधल्या मराठी मंडळींचं एक ठाम मत होतं. बाई पितात. संध्याकाळी बस-स्टॉपवरून येताना झोकांड्या खातात, उन्हाळ्यात जीभ जड होते, शब्द लडबडतात, एकटी बाई, त्यातून वसईची ख्रिश्चन. मंडळींनी दोन अधिक दोन करून बाटली काढली होती. दुसऱ्या मजल्यावरच्या देसाईकाकांनी तर गणपतीच्या आरतीला त्यांना बोलवावं की नाही यावर स्वतंत्र चर्चा घडवून आणली. शेवटी बोलावलं, आणि प्रसाद देताना वास येतो का ते दोघातिघांनी पाहून घेतलं. वास बामचा आला. तो मुद्दाम लावलेला असणार, असं ठरलं.

एका ऑगस्टमध्ये भर दुपारी मला त्या किराणा दुकानाच्या सावलीत फुटपाथवर बसलेल्या दिसल्या. पिशवीतली केळी रस्त्यावर पडली होती आणि उचलायला हात जात होता तो केळ्याच्या वीतभर अलीकडेच थांबत होता. दुकानदार "मॅडम, प्लीज, पुलिस आ जाएगी" म्हणत हात जोडून उभा. मी टॅक्सी थांबवली. घरी जाऊ म्हटलं तर त्यांनी मान हलवली आणि मॉलचं नाव सांगितलं. मला वाटलं, बाईंचं डोकं फिरलं. पण त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की मी वाद घातला नाही.

आत गेल्यावर त्यांना कोट घातला, बर्फाजवळच्या बाकावर बसवलं आणि मी नुसती बघत राहिले. हळूहळू जीभ मोकळी झाली. बोटं उघडली, मिटली. मग त्या उठल्या, आणि सरळ चालत बोर्ड घ्यायला गेल्या. डोंगरावर नेणाऱ्या, तारेला टांगलेल्या लिफ्टच्या खुर्चीत आम्ही शेजारी बसलो, एकेक पाय बोर्डाला बांधलेला, एकेक लोंबकळणारा, आणि तिथे त्यांनी मला सगळं सांगितलं. आजाराला एम. एस. म्हणतात. नसांवरचं आवरण शरीर स्वतःच कुरतडत जातं. उष्णतेने तो चेकाळतो, गारव्यात तेवढ्यापुरता दबतो. बरीच वर्षं आधी हॉटेलने स्टाफला इथे पिकनिकला आणलं होतं. बाकीचे बर्फाचे गोळे मारत होते आणि ह्यांच्या लक्षात आलं की कित्येक दिवस मुका असलेला आपला पाय बोलायला लागलाय. तेव्हापासून त्या इथे येत होत्या. स्कीऐवजी बोर्ड निवडला त्यालाही कारण होतं. स्कीच्या दोन सुट्या पट्ट्यांवर दोन पाय दोन दिशांना पळतात. एकाच फळीला बांधून टाकले की आजारी पायाला निरोगी पायाबरोबर यावंच लागतं.

"मग तुम्ही या वाळवंटात राहताच कशाला?" मी विचारलं.

"आणि जाऊ कुठे? वसईत मे महिन्यात कुठलं हिल स्टेशन आहे, बाय? इथे निदान मेट्रोने हिवाळा मिळतो."

मी म्हणाले, लोक काय बोलतात तुम्हाला ठाऊक आहे, एकदा सांगून टाका सगळ्यांना. त्यावर त्यांनी जे उत्तर दिलं ते मी जन्मात विसरणार नाही. "पिते म्हटलं की लोक रागावतात. रागावू देत. रागावलेला माणूस आपल्याला लांब ठेवतो, पण घरी पाठवत नाही. बिचारी म्हणणारे पाठवतात. आज बिल्डिंग बिचारी म्हणेल, उद्या ऑफिस म्हणेल. नोकरी गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की हा डोंगर गेला. खलास." एवढं बोलून त्यांनी वर पोचताच बोर्ड टेकवला आणि मला मागे टाकून निघून गेल्या.

त्यानंतर आम्ही दोघी आठवड्यातून जमेल तितक्या वेळा जायचो. नवऱ्याला वाटायचं मला बर्फाचं वेड लागलंय. मला बर्फ मुळीच आवडत नाही. माझी बोटं सुजतात, नाक वाहतं, आणि पडले की माकडहाड चार दिवस आठवण करून देतं. मी जायचे ते त्यांना वरून निघताना बघायला. निघायच्या आधी त्या क्षणभर डोळे मिटायच्या, ओठांत काहीतरी पुटपुटायच्या आणि क्रूस करायच्या. मग "यल्ला", म्हणजे अरबीत 'चला', म्हणून सुटायच्या. खाली आल्या की चेहरा उजळलेला असायचा. मॉलच्या दारातून बाहेर पडलं की पहिल्या गरम झोताबरोबर तो माझ्या डोळ्यांदेखत विझायचा. त्या दाराचा मला राग यायचा.

इंजेक्शनं चालू होती. पुढे त्यांचा उपयोग होईनासा झाला. एका डोळ्याने अंधुक दिसायला लागलं. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आणि आंटी जास्तच वेळा डोंगरावर जायला लागल्या. मी अडवायला गेले तर म्हणाल्या, "मी थांबले तर पाय विसरेल. त्याला रोज आठवण द्यायला हवी." त्यांच्या आवाजात आता गंमत राहिली नव्हती. शनिवारची वाट बघणं संपलं होतं. ड्यूटी सुटली की थेट तिकडे, जेवणखाण बाजूला. मला भीती वाटायची, आणि त्यांना एकटं सोडायची त्याहून जास्त भीती वाटायची.

शेवटी तो दिवस आला. वर जाऊन आम्ही बर्फात बसलो, त्यांनी दोन्ही पाय बांधले, क्रूस केला, "यल्ला" म्हणाल्या. उठल्या नाहीत. मला वाटलं, थांबल्यात. त्या हाताने बर्फ दाबत होत्या, कंबर उचलत होत्या, आणि डावी बाजू जागची हलत नव्हती. तिथली थंडी तीच होती, उणे दोन. "मला उभी कर," त्या म्हणाल्या. "एकदा उभी राहिले की जाते." मी काखेत हात घालून उचललं. पडल्या. परत उचललं. परत पडल्या. टुरिस्ट आमच्या दोन्ही बाजूंनी किंचाळत, हसत खाली जात होते. तिथला एक मुलगा येऊन सगळं ठीक आहे ना विचारून गेला, तर त्या त्याच्याकडे बघून हसल्यासुद्धा. "धक्का दे मला, बाय. नुसता धक्का दे, बाकी मी बघते." मी नाही म्हटलं. त्यांनी माझ्या कोटाची कॉलर धरली आणि मला शिव्या दिल्या, वसईच्या, अस्सल. मग कॉलर तशीच धरून त्या रडायला लागल्या. "आज बर्फानेही ओळख दिली नाही," एवढंच म्हणाल्या. तिथल्या लोकांनी त्यांना स्लेजवर घालून खाली आणलं.

हॉटेलवाले वाईट वागले असं म्हणता येणार नाही. बसून करायचं काम दिलं, मग त्याहून हलकं दिलं. पण अक्षरं दिसेनाशी झाल्यावर आंटींनी स्वतःच राजीनामा दिला. मी माझ्या नवऱ्याला चार ऑफिसांत विचारायला लावलं, फोनवर अनोळखी लोकांच्या हातापाया पडले. सगळे इन्शाल्ला म्हणाले. व्हिसाची मुदत कुणासाठी थांबत नाही.

जायच्या आधी देसाईकाकांनी निरोपाचा कार्यक्रम ठेवला. माणूस मनाने चांगला, हे मला मान्य करावंच लागतं. शाल दिली, केक कापला, आणि मग सगळ्यांसमोर बापाच्या मायेने म्हणाले, "गावी चाललीयेस, आता नवी सुरुवात कर. ती सवय सोड. आम्हा सगळ्यांसाठी सोड." मी उठायला लागले. आंटींनी माझा हात खाली दाबून धरला, त्यांच्यात उरलं होतं तेवढं सगळं बळ लावून. "सोडते, काका," त्या म्हणाल्या. "शब्द देते." लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोघीतिघींनी डोळे पुसले. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि तोंडात ओढणी कोंबून रडले.

वसईहून आधी त्यांचे मेसेज यायचे, मग भावाचे यायला लागले. मे महिन्यात एका दुपारी मीच फोन लावला. भावाने उचलला. मागे कसली तरी घरघर ऐकू येत होती. बंदराजवळ मासळीसाठी बर्फ करण्याची फॅक्टरी आहे, तो म्हणाला, तिथला सुपरवायझर त्याच्या ओळखीचा. रोज सकाळी तो बहिणीला रिक्षातून तिथे नेतो आणि बर्फाच्या लाद्यांमध्ये खुर्ची टाकून बसवतो. आधी थोडा वेळच बसायची. आज सकाळपासून आत आहे. ओठ निळे पडलेत. कामगार घाबरलेत, सुपरवायझर ओरडतोय, आणि ती बाहेर यायला तयार नाही. "तुमचं ऐकते ती, ताई. तुम्ही सांगा, बाहेर ये म्हणून." त्याने फोन आंटींच्या कानाला लावला.

"आंटी," मी म्हणाले.

बराच वेळ नुसते दात वाजल्याचा आवाज येत राहिला. मग त्या एकेक शब्द सोडवून घेत म्हणाल्या, "बाय, अंगठा हलला. आत्ता. मी बघितला. बाहेर गेले की थांबेल गं तो."

भाऊ पलीकडून, सांगा ना ताई, सांगा ना, म्हणत होता. मी डोळे मिटले.

"बसा अजून थोडा वेळ," मी म्हणाले. "ऊन उतरू दे."