पडद्यामागची हलगी

मी खोटं बोललो, आणि ज्याच्याबद्दल बोललो तो पडद्यापलीकडे हाताच्या अंतरावर उभा होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिताना स्वतःला सांभाळून घेण्याचा मोह होणार नाही.

मानवतजवळच्या आमच्या गावात आम्ही दोघांनी लोककला मंडळ काढलं होतं. मी शाळेत मास्तर आणि मंडळाचा सचिव. दुसरा माझा वर्गमित्र, बौद्धवाड्यातला. त्याचे वडील पूर्वी गावकीची हलगी वाजवत. लग्न असो की मयत, बोलावणं आलं की जायचं आणि ओसरीखाली उभं राहून वाजवायचं. धर्मांतरानंतर त्यांनी ते बंद केलं. हलगी तेवढी खुंटीला राहिली. मी मंडळाचा विषय काढला तेव्हा मित्राने एकच अट घातली होती.

"मी कुणाच्या दारात वाजवणार न्हाई. सुपारी घेणार न्हाई. तू पेटी घेऊन बसशील त्याच सतरंजीवर बसून वाजवीन."

तसंच चाललं. पुढे आमच्यात रीतच पडली की त्याचा पहिला ठोका पडल्याशिवाय कुणी तोंड उघडायचं नाही.

मंडळ पदरमोडीवर चाललं होतं. पेटीचा भाता चिकटपट्ट्या लावून लावून जाड झालेला, गॅसबत्ती कार्यक्रमापुरती मागून आणलेली. अशात सरकारच्या वार्षिक अनुदानाचं कळलं. लागू झालं असतं तर दरसालची ओढाताण संपली असती. अर्ज केला. पण तालमीला कायमची जागा हवी, अशी अट होती. आम्ही तालीम करायचो गावातल्या एका बागायतदाराच्या कापसाच्या गोदामात. त्यांना सगळे मालकच म्हणत. तपासणीला येणाऱ्या साहेबांपुढे त्यांनी हो म्हटलं की झालं, एवढंच उरलं होतं.

दिवस वाईट होते. विद्यापीठाच्या नामांतरावरून जाळपोळ होऊन गेली होती आणि राख निवली तरी माणसं निवली नव्हती. पारावर कोण कुणाशी बोलतं, याच्यावर नजर असायची. मित्र परभणीच्या मोर्चाला जाऊन आला होता. साहेब यायच्या आदल्या दिवशी मालकांनी मला बोलावून घेतलं.

"मास्तर, त्यो तुमचा हलगीवाला मोर्चात व्हता म्हणं?"

"कलावंत चांगला आहे, मालक."

"आसंल की. पण मंडळात त्यो आसंल तर जागा न्हाई. वाजवाय बोलवा, माझं काय म्हणणं न्हाई. आमच्या आज्यापासून वाजवायलेत ते. वाजवावं आन् जावं."

मी तसाच उठून आलो. मित्राला यातलं काही सांगितलं नाही. फक्त म्हणालो, "उद्या तू पडद्यामागून वाजव. पुढं दाटी होईल."

"दाटी? मूठभर तर माणसं हाव आपण." त्याने माझ्याकडे पाहिलं. "बरं. तुझं अनुदान हाय बाबा."

"आपलं," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी साहेबांची जीप आली तेव्हा तो गोदामामागे काडीकचरा पेटवून, कातडं ताठ व्हावं म्हणून हलगी शेकत होता. कापसापायी आत विस्तव चालत नसे. साहेब आणि मालक शेजारी शेजारी बसले. पडद्यामागून पहिला ठोका पडला आणि साहेब खुर्चीत सरळ झाले. कार्यक्रम रंगला. पण माझं लक्ष सगळं मालकांच्या चेहऱ्याकडे.

शेवटी साहेबांनी विचारलं, "हलगी कोणाची होती? पुढे बोलवा की त्यांना. मंडळाचेच आहेत ना?"

मालक तंबाखू मळत होते. त्यांचा अंगठा थांबला.

"नाही साहेब," मी म्हणालो. "सुपारीवर आणलाय."

अंगठा पुन्हा चालू झाला. "जागा मंडळाचीच समजा, साहेब," मालक म्हणाले.

पडदा हलला. मित्र बाहेर आला, थेट माझ्यापुढे उभा राहिला आणि त्याने हात पसरला.

"द्या मास्तर. आमची सुपारी द्या. घरला जायचंय."

शाळेपासून तो मला अरेतुरे करायचा. त्याच क्षणी मला सगळं परत घेता आलं असतं. साहेब अजून बसलेलेच होते. पण मालक बघत होते. मी खिशातून नोट काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. त्याने ती कपाळाला लावली, कमरेत वाकला आणि त्याच्या वडिलांनी धर्मांतरानंतर टाकून दिलेला शब्द मला उद्देशून उच्चारला, "जोहार, मायबाप."

मालक हसले. साहेबांना वाटलं, गावाकडची रीत असेल.

अनुदान मंजूर झालं. पेटीला नवा भाता आला. मित्र बायकापोरांसह पूर्णेला गेला, रेल्वेत लागला. हलगीला आम्ही दुसऱ्या गावचा माणूस आणू लागलो, आता खरोखरच सुपारीवर. गावात समोरासमोर येण्याचा प्रसंग उरला नाही आणि मला त्याचं बरंच वाटायचं.

पुढे बऱ्याच वर्षांनी विद्यापीठाला नवं नाव लागलं, त्या साली मी पूर्णेची गाडी धरली. त्याला बाजूला घ्यायचं आणि बोलायचं, असं ठरवून गेलो होतो. तो फलाटावरच्या चहाच्या गाड्याशी सोबत्यांबरोबर उभा होता. केस पिकले होते. त्याने मला ओळखलं, चहा सांगितला.

"कोण हो पावणे?" एका सोबत्याने विचारलं.

"मागं एका गावात वाजवाय जायचो," तो शांतपणे म्हणाला. "तिथले मास्तर हायेत."

बाजूला घेण्याचं मनात होतं ते तिथेच राहिलं. खोटं मी चारचौघांत बोललो होतो.

"तसं नाही," मी त्या सोबत्याला म्हणालो. आवाज सगळ्यांना ऐकू जाईल एवढा होता. "हा वाजवायला येत नव्हता. मंडळ आम्ही दोघांनी काढलं होतं. जागा जाईल, अनुदान जाईल म्हणून मी साहेबांपुढे याला सुपारीवर आणलेला म्हणालो. आणि याने हात पसरला तेव्हा त्या हातावर पैसे ठेवले."

मग त्याच्याकडे वळलो. कप त्याच्या हातात तसाच होता.

"तू मंडळाचा होतास. माझं चुकलं. मला माफ कर."