डोळ्यात तेल घालून

उंद्री फाट्यावर माह्यं गाड्या दुरुस्तीचं गॅरेज आहे, अन् या फाट्यावर मले चोर समजणारा माणूस एकच आहे. निवृत्तीकाका. बाकीचे गिऱ्हाईक चावी फेकतात, "राजकुमार, पाह्यजो रे" म्हणतात अन् चहा प्यायले निघून जातात. काका नाही. काका घरून निळं प्लास्टिकचं स्टूल घेऊन येत. माह्या खुर्चीवर बसत नसत, कारण म्हणे तुह्या खुर्चीचं तोंड रस्त्याकडं आहे, तू मुद्दाम तशी ठेवली. स्टूल त्यायच्या पांढऱ्या मारुतीच्या पुढच्या चाकाजवळ मांडायचं, टोपी मांडीवर ठेवायची अन् बसायचं, पीक राखायले माळ्यावर बसतात तसं. समोरचा चहावाला मले वरडून सांगे, "राजकुमार, काका जागलीले आले बे!"

त्यायचे नियम ठरलेले. नवा फिल्टर आणला तर सीलबंद डबा त्यायच्यासमोर फोडायचा. जुना माल परत द्यायचा. तो माल ते पोत्यात घालून नेत अन् शेताच्या कुंपणाच्या तारेले बांधत. वारा सुटला का खडखड वाजे अन् रोही, म्हणजे नीलगाई, पिकात शिरत नसत. ऑइल बदललं का आतली ऑइल मोजायची पट्टी स्वतः ओढून काढायची, खिशातल्या पांढऱ्या रुमालाले पुसायची अन् तो डाग उन्हात धरून पाह्यचा. नवं ऑइल मधासारखं पिवळं दिसलं पाह्यजे. दिसलं का म्हणत, "हं." शाबासकी गेली उडत, नुसतं हं.

त्यायचंही चूक नव्हतं म्हणा. कोण्या शहरातल्या मेकॅनिकनं एकदा त्यायच्या ट्रॅक्टरचा चांगला पंप काढून भंगारातला बसवून दिला होता. दुधानं तोंड पोळलं का माणूस ताकही फुंकून पिते. पण अरे बाप्पा, मी इतके वर्ष ताकच पाजून राह्यलो ना! एक थेंब तरी दुधाचा निघाला का? मले भल्ला राग येई. गाडीखाली झोपून काम करतानी त्यायची नजर माह्या पायाच्या अंगठ्यापर्यंत टोचे.

यंदा संक्रांतीच्या आधी गाडी आली ते डाव्या अंगानं खरचटून. आरसा लोंबकळत होता अन् दरवाज्यावर हा लांब पिवळा पट्टा.

"काका, हे काय झालं?"

"बैलानं शिंग मारलं."

"पिवळं?"

"पोळ्याले शिंगं रंगवत नाही का आपण? मोठा वकील आला!"

पोळा होऊन कितीक दिवस झाले होते. पोळ्याचा रंग काय संक्रांतीपर्यंत ओला राह्यते? असा पिवळा रंग नाल्यावरच्या पुलाच्या कठड्याले असते, हे फाट्यावरचं शेंबडं पोट्टंही सांगेल. कुठंतरी पाणी मुरून राह्यलं होतं.

अन् मग दुसरंही ध्यानात आलं. पहिले काका माह्या हातातला पाना पाहून डाफरत, "हा काऊन घेतला? बोल्ट घासशील!" आता कितीक दिवसांपासून ते पान्याचं नावच काढत नव्हते. नुसतं विचारत, "काय करून राह्यला?" जरा वेळानं पुन्हा, "आता काय करून राह्यला?" मले वाटलं, कोणीतरी यायचे कान भरले. खामगाव रोडले नवीन गॅरेज उघडलं होतं. तिथला मेकॅनिक म्हणत असंल, राजकुमारच्या तोंडूनच वदवून घ्या, कुठं ना कुठं सापडते तो. माह्यं डोकं सटकलं. म्हटलं, काका, तुमी माह्यी परीक्षा घेता काय? थांबा, आता मीच तुमची घेतो.

त्या दिवशी ऑइल बदलायचं होतं. मी हातच लावला नाही. आतलं जुनं ऑइल तसंच ठेवलं, डांबरासारखं काळं. बोनेट उघडून म्हटलं, "झालं काका, पाहून घ्या." आता हे वरडतील, मग मीही तोंड सोडीन, इतक्या वर्षांचं सगळं बाहेर काढीन, अशी तयारी करून उभा होतो.

काकानं चाचपत पट्टी ओढली, रुमालाले पुसली. पांढऱ्या रुमालावर काळाकुट्ट डाग पसरला. त्यायनं तो उन्हात धरला.

"हं," काका म्हणे. "मधासारखं आहे."

हा माणूस दर आठवड्याले बाजूले गीताकाकूले बसवून चिखलीच्या बाजारात जाते. ट्रकच्या रस्त्यानं!

त्यायनं रुमाल खिशात कोंबला अन् चावीसाठी हात पुढं केला. तोंडाले आलं ते बोललो, "काका, गाडी नाही देत. ब्रेकचा पार्ट गेला. अकोल्याहून आला का मग घेऊन जा."

काका उभे राह्यले. स्टूल उचललं. "मले माहीत होतं," म्हणे, "एक ना एक दिवस तू हेच करशील."

घ्या! ती ऑइलची परीक्षा सोडली तर गिऱ्हाइकाशी जिंदगीत पहिल्यांदा खोटं बोललो अन् पहिल्याच खेपेले पकडल्या गेलो.

दुसऱ्या दिवशी गीताकाकू ऑटोतून उतरल्या. हातात तोच रुमाल. "राजकुमार, लाज वाटत नाही का रे? धुवायले काढला तर हे काळं! ऑइल बदललं नाही, वरून गाडी अडकवून ठेवली. ते म्हणत तर मीच त्यायच्यासंग भांडत होते, राजकुमार तसा नाही म्हणून!"

मी त्यायले काल काय झालं ते सांगितलं. काकू तिथंच पडलेल्या टायरवर बसल्या अन् पदर तोंडाले लावला.

"मले माहीत आहे रे बाप्पा. गाडी मीच चालवते, तोंडानं. डावीकडं घ्या, ट्रक आला, थांबा, चला. त्या दिवशी मले शिंक आली अन् तेवढ्यात पूल आला."

"अहो काकू, मग दवाखान्यात न्या ना!"

"मोतीबिंदू आहे, डॉक्टरनं कवाचंच सांगितलं. पण हे म्हणतात, माह्या डोळ्यातलं असली भिंग काढून घेतील अन् डुप्लिकेट बसवतील. मी टेबलावर पडेल राहीन, मग राखण कोण करीन?"

मले हसू येईना अन् रडूही येईना.

सांजच्याले काका स्वतःच आले, पायी, स्टूल बगलेत मारून. "पार्ट आला का?"

काकू ठेवून गेल्या होत्या तो रुमाल मी त्यायच्या हातात दिला. "हा कसा आहे, सांगा."

काकानं डोळ्याजवळ नेला, दूर धरला. "पांढरा आहे. काऊन?"

"काळा आहे, काका! काळा! यालेच तुमी मध म्हटलं. पार्ट गाडीचा नाही गेला, तुमचा गेला. तो बदलल्याबिगर मी चावी देत नाही. जा, पोलिसात जा! काकूले कोण्या ट्रकखाली घालता का?"

मी इतक्या जोरानं वरडलो का चहावाला हातातली गाळणी घेऊन बाहेर आला. काकानं रुमालाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. मग हळूच म्हणे, "तिथं माह्याजवळ कोण बसीन?"

"काकू आहेत ना."

"तिले काय कळते? नवा माल कोणता अन् जुना कोणता." अन् त्यायनं पायानं ते निळं स्टूल माह्याकडं सरकवलं. "तू बस."

बुलढाण्याच्या डोळ्याच्या दवाखान्यात मी ऑपरेशनच्या खोलीच्या दारासमोर स्टूल मांडून बसलो. नर्स खेकसली. मी म्हटलं, "बाई, हाकलायचं तर हाकला, पण पहिले मले नव्या भिंगाचा सीलबंद डबा दाखवा." डॉक्टर हसले, पण डबा आणून दाखवला. मग दार लागलं. आतलं मले काही दिसलं नाही, पण मी चहालेही उठलो नाही. दाराकडं डोळ्यात तेल घालून पाहत बसलो.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढायच्या आधी काकानं विचारलं, "डबा पाह्यला?"

"हाव काका. सीलबंद होता."

"अन् जुना माल?"

"डॉक्टर म्हणतात, तो देता येत नाही."

"हं. तिथंच तर गोम आहे."

नर्सनं पट्टी सोडली. काकानं उघडझाप केली, खिडकीकडं पाह्यलं, काकूकडं पाह्यलं. मग माह्यावर नजर आली अन् तिथंच थांबली.

"राजकुमारच ना बे तू?"

"हाव, मीच."

"तुह्ये केस कधी पिकले?"

माह्ये केस पिकून दोन वर्षं झाले. सारा फाटा मले म्हातारा म्हणून चिडवते. काका माह्यापासून हातभर अंतरावर बसत. म्हणजे दोन वर्षांपासून त्यायले पाना दिसत नव्हता, ऑइल दिसत नव्हतं, मी दिसत नव्हतो. तरी ते स्टूल घेऊन येत, रुमाल उन्हात धरत, "हं" म्हणत, अन् मी दुरुस्त केलेल्या गाडीत काकूले बसवून घरी जात. मले चोर म्हणणारा माणूस! माह्या डोळ्याले धार लागली, काही केल्या थांबेना.

काकानं नव्या डोळ्यानं मले निरखून पाह्यलं.

"काऊन रडून राह्यला बे?" म्हणे. "गाडीतलं काही काढलं तर नाही ना?"