सिद्धोधनचा फळा आन् माझा अंगठा

सिद्धोधनचा मला अजून राग येतो. एवढा हुशार माणूस, दिवसभर कॉम्प्युटरात मुंडकं घालून बसणारा, आन् ऑफिसात काम कसं होतं एवढं त्याला सात वर्षांत कळू नये?

तालुक्याचं ऑफिस आमचं. कोणतं ते विचारू नका, मला अजून दोन वर्षं काढायचीत तिथं. मी मोठा क्लार्क, सिद्धोधन कंत्राटी ऑपरेटर. दर अकरा महिन्यांनी मुदतवाढीचा हुकूम आला तर नोकरी, न्हाई तर घर. चारठाण्याहून एसटीनं यायचा. घरी आई सुलाबाई, बायको सुकेशनी, पोरगी दुसरीत. सगळं त्या एका हुकुमावर.

दिवाळीनंतर त्यानं कुठलं तरी फुकटातलं सॉफ्टवेअर शोधून काढलं. साऱ्या ऑफिसचं काम एका फळ्यावर, आन् तो फळा सगळ्यांच्या मोबाईलवर. एकेका कामाची चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव आन् तारीख. अरे बापरे, काय आनंद त्या माणसाला! चहा थंड व्हायचा पण ह्याचं सांगणं संपायचं न्हाई. "काका, आता कुणी कुणाच्या टेबलापुढं हुबं राहायचं काम न्हाई. चिठ्ठी टाकली की ज्याला कळायचं त्याला कळायलंय."

आमी त्याला फळामास्तर म्हणायला लागलो. तो हसायचा. शिपाई धुरपताबाईला पण त्यानं शिकवलं. तिनं पहिली चिठ्ठी टाकली, 'साखर संपली', तर ह्यानं स्वतः जाऊन साखर आणली आन् 'झालं' म्हणून टाकलं. साऱ्या फळ्यावर तेवढंच एक काम पुरं झालं, खोटं कशाला बोलू.

कारण आमची पद्धत येगळी हाय. ज्याला गरज तो येतो, टेबलापुढं उभा राहतो, दोन-चारदा "साहेब, तेवढं बघा की" म्हणतो, मग आमी चष्मा लावतो. जो येत न्हाई त्याला घाई न्हाई. हे कुणी शिकवत न्हाई, आपोआप येतं. म्हणून फळ्यावर काही आलं की आमी सगळे अंगठ्याचं चित्र पाठवायचो आन् मोकळे व्हायचो. अंगठा म्हणजे आमच्या लेखी 'वाचलं'. सिद्धोधनच्या लेखी 'करतो'.

फेब्रुवारीत त्यानं स्वतःच्या मुदतवाढीची चिठ्ठी टाकली. प्रस्ताव माझ्या टेबलावरनं परभणीला जायचा होता, वीस मार्चच्या आत. मी अंगठा पाठवला. चिठ्ठीची तारीख जवळ आली म्हणून फळ्यानं दोनदा मोबाईल वाजवला, दोनदा मी बंद केला. म्हणलं, घाई असंल तर येईल की. हात लांब केला तर लागंल एवढ्यावर बसायचा हो तो! रोज डबा संगं खायचो. माझ्या डब्यातलं लोणचं घ्यायचा, पण त्या कामाचा एक शब्द काढला न्हाई. काकांनी अंगठा दिलाय, आता परत काय विचारायचं, असं वाटलं असंल त्याला.

बावीस मार्चला परभणीहून मुदतवाढीची यादी आली. त्याच्या नावापुढं लिहिलेलं, प्रस्ताव अप्राप्त.

मी परभणीला गेलो. दीड दिवस एका पोरसवदा क्लार्कच्या टेबलापुढं उभा राहिलो, ह्या वयात. हात जोडले. त्यानं मान वर न करता सांगितलं, मुदत संपली, पोर्टल बंद झालंय, पुढच्या वर्षी बघू. 'बघू' म्हणजे काय ते मला कुणी सांगायची गरज नव्हती.

एकतीस मार्चला सिद्धोधन नेहमीसारखाच साडेनऊला आला. सगळे पासवर्ड कागदावर लिहून माझ्यापुढं ठेवले, अक्षर कसं छापल्यासारखं. मला राहवलं न्हाई. खेकसलोच त्याच्यावर. "गाढवा, एक हाक मारायची होतीस मला! एकदा तरी उठून यायचं होतंस!"

त्याच्या आवाजात राग नव्हता, खरंच समजत नव्हतं त्याला.

"पण भगवानराव काका, तुमी अंगठा दिला होता ना?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी कागदं चाळायला लागलो, उगीच.

"सुकेशनीला त्याच दिवशी दाखवला होता मी तुमचा अंगठा," तो म्हणाला. "काम झालं म्हणून सांगितलं तिला. यादीचं अजून न्हाई सांगितलं. आता काय सांगू, काका?"