भट्टी भरेपर्यंत

अक्का गेली तेव्हा मी कंपनीच्या बसमध्ये होते, बोम्मसंद्र्याच्या सिग्नलला. सकाळी तिनेच मला जवळजवळ हाकललं होतं. "जा की गं कामावर. माझं तोंड बघत बसून काय मिळणार आहे तुला?" तिची देखभाल करणाऱ्या सिस्टरचा फोन आला, आणि ड्रायव्हरला बस थांबवायला सांगायचं सोडून मी शेजारच्या बाईला म्हणाले, "सकाळी दूध उतू गेलं, गॅस पुसायचा राहिलाय." असं का म्हणाले, देव जाणे. सव्वा महिना झाला. भेटायला येणारे म्हणतात, सुटली बिचारी. सुटली असेल… मी नाही सुटले.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आम्ही मूळच्या निपाणीच्या, नोकरीपायी दोघी बेंगळुरूत आलो आणि इथल्याच झालो. ती शाळेत गणित शिकवायची. फळ्यावरची रेघ जराशी तिरकी आली तर अख्खी आकृती पुसून पुन्हा काढणारी बाई. निवृत्त झाली, दोन वर्षांत कॅन्सर निघाला, आणि मी तिला माझ्याकडे घेऊन आले. उपचारांच्या मधल्या बऱ्या दिवसांत एकदा जेवताना म्हणाली, आनेकल रस्त्यावर मातीची भांडी करायला शिकवतात, मी नाव घातलंय. मी कपाळाला हात लावला. "तुला धड उभं राहवत नाही आणि चाक फिरवणार?" "बसून फिरवतात गं," ती म्हणाली, आणि आमटी वाढून घेतली. तिला एकच हवं होतं, स्वतः केलेल्या कपातून चहा प्यायचा. बास. त्यापुढचं काही मागण्याइतका वेळ नाही, हे डॉक्टरांच्या आधी तिनेच ओळखलं असावं.

चाकावर कप घडवायला ती दोन महिन्यांत शिकली. अडलं ते ग्लेझपाशी. एकदा भाजलेला कप त्या दाट पाण्यात बुडवायचा, वाळवायचा, आणि पुन्हा भट्टीत घालायचा, मग त्यावर काचेसारखा थर चढतो. तो चढला नाही तर कच्चं भाजलेलं भांडं पाझरतं. पहिला कप तिने इतका वेळ बुडवून ठेवला की भट्टीत ग्लेझ ओघळलं आणि कप खालच्या फरशीला चिकटला. शिकवणाऱ्या शैलजा मॅडमना तो छिन्नीने उचकटावा लागला. दुसऱ्यावर थर इतका पातळ, की चहा ओतला तर बशीत तळं. तिसऱ्या वेळी मात्र तिने कमाल केली. आमच्याकडे नवं मातीचं भांडं आणलं की आधी तेल चोळून मुरवायची पद्धत. आईने आयुष्यभर तेच केलं. अक्काने भाजलेला कप घरी आणला आणि मन लावून खोबरेल चोळलं. तेलावर ग्लेझ टिकतंय कशाला? अळूच्या पानावरच्या पाण्यासारखं गोळा होऊन बसलं. "टीचर, एण्णे हाकिद्दीरा?" मॅडमनी विचारलं. तेल लावलंत का? अक्का हो म्हणाली आणि तिथेच हसत सुटली. तिला तसं हसताना मी त्यानंतर पाहिलं नाही.

कपांना तेल लावणं थांबलं, पण हातांना लावणं थांबवता येईना. गोळ्यांनी तळहातांना भेगा पडल्या होत्या, रक्त यायचं, खोबरेलाशिवाय मूठ मिटत नव्हती. त्यामुळे पुढचे चार कप भट्टीतून निघाले ते असे, बाकी सगळीकडे छान हिरवट निळा रंग आणि मध्येच कोरे लाल डाग, एका बाजूला अंगठा, दुसऱ्या बाजूला चार बोटं. काठावर, अगदी आतसुद्धा. चहा तिथूनच झिरपायचा. अक्का ते कप ओट्यावर ओळीने मांडून बघत बसायची. एकदा तिने दोन दिवस हातांना काहीच लावलं नाही, तेव्हा चादरीला रक्त लागलं, आणि माझा तोल गेला. वाटेल ते बोलले मी. कुणाला दाखवायचाय तो कप, मरणाच्या दारात हे कसले नाद… हे शब्द मी बोलले. दुसऱ्या दिवशी मी खालच्या मेडिकलमधून रबरी हातमोजे आणले. तिला ते मुळीच आवडले नाहीत. "हात लागत नाही तर मातीचं काम कसलं गं?" म्हणाली. पण मी हट्टाला पेटले होते, आणि तिच्यात वाद घालायची ताकद उरली नव्हती. शेवटचा कप तिने मोजे घालून उचलला, घालूनच बुडवला.

त्यानंतर ती घराबाहेर पडलीच नाही. भट्टी एका कपासाठी पेटवत नाहीत. सगळ्यांची भांडी जमून ती भरली की मगच लावतात. अक्का रोज सकाळी मॅडमना फोन करायची, "भट्टी भरली का?" त्या म्हणायच्या, "इन्नू स्वल्प, टीचर." अजून थोडं राहिलंय. तीन आठवडे हेच. मॅडमना तिचं कळलं असतं तर त्यांनी अर्धी भट्टीसुद्धा लावली असती. सांगायचं नाही, अशी अक्काची ताकीद होती. मी ती पाळली. याच दिवसांत घरात हॉस्पिटलची खाट आली, सामान हलवावं लागलं, आणि आवराआवरीत मी ते डागाळलेले चार कप कचऱ्याच्या गाडीत दिले. तिला सांगितलं तर म्हणाली, "टाकलेस? सरी." बरं, एवढंच. आणि कूस बदलली.

भट्टी भरली ती अक्का गेल्यानंतर नवव्या दिवशी. मॅडम स्वतः कप घेऊन आल्या. दारातच रडल्या, मग दाखवलाही त्यांनीच. सुरेख आहे. रंग सगळीकडे सारखा, काठ गुळगुळीत, तळ पुसलेला. त्या गेल्यावर मी त्यात चहा ओतला आणि कोरड्या कागदावर ठेवून तासभर बघत बसले. कागद कोरडाच राहिला. मग कप धुतला, ट्यूबलाइटखाली धरून फिरवला, बाहेरून, आतून, कान आहे तिथे. अंगठा कुठे नव्हता, बोटं कुठे नव्हती. कुणीही केला असता असा कप आहे तो. माझ्या अक्काचा हात ज्यांच्यावर होता ते चारही मी माझ्या हातांनी गाडीत टाकले… रोज सकाळी मी यातच चहा घेते. एक थेंब गळत नाही.