खालांची शेवटची घागर

आमच्या नांदेडात मोरीचं पाणी पुढं कुठं जातं, हे मी कधी वाकून पाहिलं नव्हतं. भांडी घासली, पाणी ओतलं, गेलं. याच भरवशावर मी लातूरच्या एका गल्लीत बाग आखली.

कमी खर्चातल्या बागा आखणं हे माझं काम. त्या गल्लीच्या टोकाला मोकळी जागा होती. निम्म्या भागात कचरा, कोपऱ्यात गल्लीचा सामायिक बोअर. महापालिकेकडं माळी ठेवायची ऐपत नव्हती, आणि झाडांसाठी टँकर मागायचा तर लोकांनीच हाकललं असतं. म्हणून मी ठरवलं, जागेच्या भिंतीलगतच्या घरांचं सांडपाणी पाइपानं आणायचं, खडीच्या खड्ड्यात कर्दळीच्या मुळांतून गाळायचं आणि केळीला सोडायचं. केळीचे मुनवे, म्हणजे लावायचे कोंब, अर्धापूरहून, मावसभावाच्या शेतातून आणले. कागदावर बाग फुकटात जगत होती.

गल्लीला पहिल्यापासून माझा संशय. आज बाग म्हणतील, उद्या गाळे काढतील, असं पानटपरीवर चालायचं. एकानं तोंडावरच विचारलं, "म्याडम, फुकट बाग कोण देतंय हो? मधात काय हाय ते सांगा." फक्त गुरुजी, म्हणजे तिथले एक निवृत्त शिक्षक, माझ्या बाजूनं बोलायचे. संशय मलाही होता. हे लोक रोपं उपटतील, पाइप भंगारात घालतील, असं वाटायचं. प्रत्येक फेरीला मी आधी काय गेलं ते बघायची, मग काय उगवलं ते.

पावसाळ्यात सगळं हिरवं झालं. दिवाळीनंतर केळीनं माना टाकल्या. खड्डा कोरडा. पाइप कुठं तुंबलाय ते बघत मी भिंतीच्या कडेनं गेले, तर कोपऱ्यातल्या घराच्या मोरीत जुन्या कापडाचा बोळा घट्ट कोंबलेला. तिथं शिवणकाम करणारी एक वयस्क विधवा एकटीच राहायची. सगळी गल्ली त्यांना खाला म्हणायची. त्यांची न्हाणी मागं उघड्यावर होती, म्हणून बोळा दिसला. बाकीच्यांच्या न्हाण्या घरात. तिथं जाऊन बघावं असं मला वाटलंही नाही.

संध्याकाळी बोअरपाशी माणसं जमली होती. मी नाव घेतलं नाही. एवढंच म्हणाले, "कुणीतरी मोरीत बोळा कोंबलाय." आणि कोपऱ्यातल्या घराकडं पाहिलं. बोलणं मी पुढं बऱ्याच जणांना सांगितलं; पाहणं कुणालाच सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून बोअरच्या नंबरात खालांची घागर शेवटी सरकली. कुणी भांडलं नाही, कुणी कारण दिलं नाही. शेवटच्या नंबरापर्यंत बोअर धापा टाकायला लागतो. गढूळ धार येते, तीही तुटते. उन्हाळ्यात एकदा त्यांना अर्धी घागर घेऊन परतताना मी पाहिलं, आणि मला बरं वाटलं. हेही लिहून टाकते.

त्याच उन्हाळ्यात गुरुजींकडं चहाला गेले होते. हात धुवायला न्हाणीत गेले, तर मोरीत बोळा. साबणाचं पाणी साचलेलं आणि गुरुजींची सून ते तांब्यानं बादलीत भरत होती. सहज म्हणाली, "बादलीवरच धुवा म्याडम. फरशीला होतंय, मग संडासात." सगळेच असं करतात का, विचारलं. ती हसली. "लातुरात मोरीत पानी कोण सोडतंय? रेल्वेनं पानी आलं त्या सालापासूनची सवय हाय."

मागं गुरुजी उभे होते. त्यांनी ऐकलं होतं, आणि मी ऐकलंय हेही त्यांना कळलं होतं. ते म्हणाले, चहा निवतोय. मी म्हणाले, आलेच.

म्हणजे गल्लीत बोळा घरोघर होता आणि ठपका एकाच घरावर. सगळ्यांना ठाऊक होतं. आता मलाही. मी केळी काढली, छपरांवरचं पावसाचं पाणी खड्ड्यांत मुरवलं, कडुनिंब आणि करंज लावले. जमीन केळीला मानवत नाही, अशी सबब सांगितली. खरं सांगितलं असतं तर माझा आराखडाच चुकला होता हे उघड झालं असतं, आणि पुढच्या बागांचं काम हातातून गेलं असतं. बाग तगली. घागर शेवटीच राहिली.

यंदा गेले खालांकडं. त्या मशीनवर होत्या. मी सगळं सांगितलं, त्या दिवशीच्या नजरेसकट.

"हव, होता की बोळा," त्या म्हणाल्या. "सगळ्यायच्याच घरी होता. तुम्हाला कधी कळलं?"

"दोन उन्हाळे झाले."

मशीन थांबली. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग मागच्या भिंतीकडं. "मग आज कामून आलात? भिंतीचं काही काम निघालंय का?"

नाही म्हटलं. बोअरपाशी सगळ्यांसमोर सांगते म्हटलं.

"सांगा. पण मी असताना सांगा. माझ्यामागं एकदा सांगून झालंय."

सकाळी नंबर लागला तेव्हा मी बोलले. बोळा घरोघर होता, चूक माझ्या आराखड्याची होती, आणि हे मला फार आधी कळलं होतं. बायका आपापल्या घागरींकडं बघत राहिल्या. गुरुजी म्हणाले, "म्याडम, जुनं कशाला उकरायलात?" कुणी खालांना पुढं या म्हटलं नाही. त्यांनीच आपली घागर उचलली, रांगेच्या मधोमध ठेवली आणि काठावर हात ठेवून उभ्या राहिल्या. मागच्या बाईनं आपली घागर थोडी मागं घेतली.

मी निघाले. बागेच्या फाटकाशी वळून पाहिलं, तर खालांचे डोळे माझ्या खांद्यावरच्या पिशवीवर होते. तिच्यात आणखी काय आहे, ते बघत असाव्यात. घागरीवरचा हात तसाच होता.