जिनेवाली आणि तिचा प्लेअर टू

आधीच सांगतो, मी या ग्रुपवर येतो ते तुमचे भुताखेतांचे अनुभव वाचून हसायला. मानेसरला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे. पार्ट बिघडला की कारण असतंच; सापडलं नाही तर आपण नीट शोधलं नाही, असं मानणारा मी माणूस. त्यामुळे हे लिहायला बरेच महिने लागले... आता हसायची पाळी तुमची.

बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे माझं आणि ताईचं लहानपण दिल्लीत, सरोजिनी नगरच्या क्वार्टर्समध्ये गेलं. घरी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता आणि बाजारातून आणलेली एक डुप्लिकेट कॅसेट. तिच्यातल्या एका गेमचं नाव कुठल्याशा अगम्य लिपीत होतं, म्हणून आम्ही त्याला 'जिनेवाली' म्हणायचो. लाल फ्रॉकमधली मुलगी आणि निळ्या शर्टातला मुलगा उंच इमारतीचे जिने चढत गच्चीवर जायला निघतात, वरून कुंड्या पडत राहतात. ताई कायम लाल, मी निळा. मी लवकरच कुंडीखाली सापडायचो आणि ती एकटी पुढे जायची. पण शेवटच्या मजल्यावर पोचलं की चित्र फाटायचं, नुसत्या रेघा यायच्या — गेम अडकला. दर वेळी. गच्चीवर काय आहे ते आम्हाला कधी कळलंच नाही. पुढे क्वार्टर सोडताना कॅसेटही कुठेतरी गेली.

मागच्या थंडीत ताईचे उपचार थांबवले. डॉक्टर म्हणाले, घरी न्या. ती आणि बाबा गुरुग्रामला एका सोसायटीत राहतात... राहायचे. तुला काय हवंय, असं एकदा विचारलं तर म्हणाली, "यार सोनू, ती जिनेवाली मिळेल का रे कुठे? एकदा ती गच्ची बघायची होती."

मग मी जुना कन्सोल मिळवला आणि फ्लॅश कार्ट्रिज घेतलं. माहीत नसेल त्यांच्यासाठी — दिसायला ते जुन्या कॅसेटसारखंच, पण त्याच्या पोटात गेम नसतात. एक खाच असते, तिच्यात मोबाइलचं असतं तसं छोटं मेमरी कार्ड घालायचं. सगळे गेम त्या कार्डावर. कार्ड काढलं की उरतो रिकामा डबा. स्क्रीनवर 'कार्ड नाही' अशी एक ओळ येते, बस. मिळाले तेवढे सगळे गेम मी त्यावर भरले. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं दुपारभर यादी खाली सरकवत बसायचो. जिनेवाली नव्हती. "जाऊ दे रे, चहा घे," असं ताई म्हणायची आणि यादी पुन्हा वरून सुरू करायची. ती हलकी होत चालली होती. तिला उचलून बसवताना ते माझ्या हातांना कळायचं, आणि मला फार रडू यायचं.

एका रविवारी जुन्या गेम्सच्या ग्रुपवर कुणीतरी नवा संग्रह टाकला. तो भरायला म्हणून मी निघताना कार्ड काढून पाकिटात ठेवलं. कार्ट्रिज कन्सोलमध्येच राहिलं. ताई झोपली होती, सांगायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कंपनीत तिचा फोन आला.

"सोनू, मिळाली."

"काय मिळाली?"

"जिनेवाली. यादीतच होती ना, अगदी तळाला. आणि ऐक, अडकली नाही. मी गच्चीवर पोचलेय."

"काय आहे गच्चीवर?"

"काही नाही रे. दोऱ्यांवर कपडे वाळतायत. ती कठड्यापाशी बसलीये. बटण दाबलं तरी उठत नाही. बहुतेक प्लेअर टूची वाट बघतेय. तू ये, मग संपेल."

मला इतका आनंद झाला की कार्डाची आठवणसुद्धा झाली नाही. अर्धी रजा टाकली, कॅब केली. हायवेला नेहमीचा जॅम. पोचलो तेव्हा ताई उशांना टेकून बसली होती. एक नंबरचा कंट्रोलर तिच्या मांडीवर, दोन नंबरचा शेजारी माझ्यासाठी काढून ठेवलेला. टीव्हीवर एकच ओळ — कार्ड नाही.

"आत्ताच गेली," ती म्हणाली. "तू लिफ्टमध्ये असशील. पण मी बघितली. चलो, एकीने तरी बघितली."

ती ओळ वाचली आणि माझा हात पाकिटाकडे गेला. कार्ड तिथेच होतं. कार्ट्रिज काढून पाहिलं, खाच रिकामी. औषधांच्या गुंगीत ताईला स्वप्न पडलं असेल, असं स्वतःला समजावत किचनमध्ये बाबांकडे गेलो. बातम्यांचा चॅनलसुद्धा दुसऱ्याने लावून द्यावा लागतो असे आमचे बाबा खिचडी ढवळत होते.

"छान होतं रे ते," ते म्हणाले. "लाल फ्रॉकवाली पोरगी. केवढे कपडे वाळत घातले होते वर. शेजारी जागा ठेवून बसली होती. ताई म्हणाली, सोनू येईपर्यंत बंद नका करू."

होळीच्या आधी ताई गेली.

नंतर मी ते कार्ट्रिज खोलून पाहिलं. जाणकारांना विचारलं. कार्डावरची यादी ओळ न ओळ वाचली. असा गेम कुणालाच माहीत नाही. नीट शोधलं नाही म्हणावं, तर तेही खरं नाही. कारण सापडलेलं नाही, एवढंच लिहू शकतो.

बाबांना कार्डाचं सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "मग घालूच नकोस ते." अजून दर रविवारी जातो. कन्सोल तसाच लावतो, दोन नंबरचा कंट्रोलर हातात घेऊन बसतो. ती एक ओळ येते. बाबा थोडा वेळ शेजारी बसतात आणि मग चहा टाकायला उठतात.

त्यांचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर आहे. आता मी लिफ्ट घेत नाही, जिन्याने चढतो. गार्ड विचारतो, तेव्हा व्यायाम म्हणून सांगतो.