बेंबी बसवणारीचं ऑपरेशन

साऱ्या गावाची बेंबी बसवणारी मी, आणि माझ्याच पोटातलं दुखणं मला उमगेना. खर्ड्याच्या बाजूला आमचं गाव. कुणाला ढाळ लागले, कुणी जड उचललं आणि पोटात कळ आली, की माणूस सकाळी अनशापोटी माझ्या ओट्यावर हजर. मी त्याला उताणं निजवते, गावदेवीचं नाव घेते आणि बेंबीवर अंगठा टेकवून ठोका कुठं उडतोय ते बघते. बाजूला सरकलेला असला तर तेलाच्या हातानं हळूहळू मधोमध आणते. सासूबाईंनी दिलेली ही विद्या. आम्ही देवीला आईसाहेब म्हणतो, आणि गुण येतो तो त्यांचाच. पण खरं सांगायचं तर बरं झालेला माणूस आधी माझ्या पाया पडायचा, आणि मला ते आवडायचं.

त्या दिवशी ज्वारी काढताना उजव्या अंगाला, ओटीपोटात अशी कळ आली की मी बांधावरच बसले. उलट्या सुरू झाल्या. बेंबी सरकली, दुसरं काय. पण आपली आपल्याला बसवता येत नाही, म्हणून घरी आल्यावर जावेला निजल्यानिजल्या सांगत गेले, इथं दाब, तिकडून ओढ. ती बिचारी भीत भीत चोळत होती आणि तिच्या हातासरशी कळ वाढत होती. शेवटी मीच अंगठा टेकवून पाहिला, तर ठोका बरोबर मधोमध. मग दुखतंय ते काय? आईसाहेब, रुसलात का माझ्यावर, असं म्हणत मी लहान लेकरासारखी रडले.

मालकांनी शेजाऱ्यांची जीप काढायला लावली आणि थेट नगर गाठलं. सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाई माझ्या लेकीच्या वयाच्या, पण बोलणं रोखठोक. "काकू, उजव्या अंडाशयावर गाठ आहे आणि ती देठातून पिळली गेलीय. तिथं रक्त पोचत नाही. दुर्बिणीचं ऑपरेशन करू. बेंबीतून दुर्बीण आत घालायची, खाली दोन बारीक छिद्रं पाडायची आणि गाठ काढायची. पण लगेच. थांबलात तर जिवावर बेतेल."

बेंबीतून म्हणताच मी उठूनच बसले. जिथं देवीचं नाव घेतल्याशिवाय मी बोट लावत नाही, तिथून सळई घालणार? पोट उघडून करायचं तर चीर बेंबीपर्यंत येईल म्हणाल्या, मग तर विचारायलाच नको. मी सांगून टाकलं, "देवीचं नाव घेऊन बेंबी बसवनारी मी. मला घरी न्या आन् आईसाहेबांपुढं निजवा. काय व्हायचं ते तिथं हू द्या." मालक हात जोडून उभे. "अगं, ऐक की," एवढंच म्हणत होते. पण मी कुणाचं ऐकणारी नव्हे, हे साऱ्या तालुक्याला ठाऊक आहे.

शेजारच्या खाटेशी सासूची सोबत करायला बसलेली एक बाई सगळं ऐकत होती. श्रीगोंद्याकडची. ती उठली, मालकांना बाहेर जायला सांगितलं आणि मधला पडदा ओढून घेतला. "मावशी, माजं बी मागल्या वर्सी असंच झालतं. बेंबीतूनच केलं. तुमी बेंबी बगता म्हनं, मंग माजी बगा की." मी म्हटलं, "बगायचं काय त्यात?" तर म्हणते, "जाग्यावर हाय का न्हाई ते सांगा. आन् मंग जावा घरी."

एवढं बोलून ती माझ्याच खाटेच्या कडेला अंग चोरून आडवी झाली. माझ्या पोटात आग पेटलेली, तरी हात आपसूक पुढं गेला. तेल नव्हतं, सकाळ नव्हती. देवीचं नाव तेवढं घेतलं. टाक्याची खूण शोधली तर बेंबीच्या वळीत कुठं मुरलेली, सापडेचना. अंगठा टेकवला. ठोका मधोमध होता, संथ आणि ठाम. इतकी नीट बसलेली बेंबी माझ्या हाताखाली क्वचितच आली असेल. माझे डोळे भरून आले. आईसाहेबांची कृपा माझ्या एकटीच्याच अंगठ्यात राहते, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. मालकांना हाक मारली आणि म्हटलं, "बोलवा डॉक्टरीणबाईंना."

ऑपरेशनला आत नेल्यावर डॉक्टरीणबाईंनी धीर दिला. मी म्हटलं, "भीत न्हाई मी. फक्त देवीचं नाव घेऊन हात लावा." त्या म्हणाल्या, "घेतलं, काकू." मग मी सगळा भार खाली ठेवला. पुढचं काही आठवत नाही.

गाठ काळी पडली होती. पोट चोळल्याबद्दल मला बोलणी बसली. दुसऱ्या दिवशी मी चालत त्या खाटेपाशी गेले, तर सासूला सुट्टी मिळून दोघी निघून गेलेल्या. नावही विचारलं नव्हतं. ती श्रीगोंद्याची बाई होती, मी उगाच तिला देवी म्हणणार नाही. पण त्या घटकेला पडदा ओढायची बुद्धी तिला कुणी दिली, ते मला पक्कं ठाऊक आहे.

मी अजून ओट्यावर बसते. मध्यंतरी गावातले एक गृहस्थ तरण्या लेकीला घेऊन आले. अंगात ताप, आणि पोट लाकडासारखं कडक. मी हात लावला तसाच उचलला. "हे माज्या हातचं न्हाई. नगरला न्या, आत्ताच्या आत्ता." ते म्हणाले, "जरा हात तर फिरवा. तुमच्या हाताला गुण हाय." मी म्हटलं, "म्हनूनच फिरवत न्हाई." ते तणतणत गेले. ऑपरेशन झाल्यापासून हिचा गुण गेला, अशी पारावर चर्चा झाली. माझ्याही कानावर आली.

पोरीचं अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं. तेही दुर्बिणीनंच काढलं. ती हसत घरी आली तेव्हा बापानं देवळात नारळ फोडला, पेढे वाटले. सगळे माझ्या दारावरून गेले, मला कुणी हाक मारली नाही. पूर्वीची मी असते तर आठवडाभर धुमसत राहिले असते. सगळे पांगल्यावर मी एकटीच देवळात गेले. पायरीवर पेढ्याचा चुरा सांडला होता. चिमूटभर उचलून कपाळाला लावला आणि तोंडात टाकला. फार गोड लागला.